वाचकांचे प्रश्न : माळावरचा वारा आणि एकट्याची सायकल

थंडी ओसरू लागली की सायकलविषयीची पत्रे वाढतात, आणि यंदा त्यांतील बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे ती वाऱ्याची. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून उघड्या माळावर दिवसभर एकट्याने सायकल चालवणाऱ्यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ५३ असून मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे सहाला एकटाच निघून हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज या मार्गाने कवठेमहांकाळला गेलो. अंतर नव्वदीच्या घरात आहे. जाताना ताशी २० किलोमीटरची सरासरी पडली आणि साडेदहाला पोहोचलो. येताना मात्र मिरजेपर्यंतच्या माळावर असा वारा लागला की पायडल मारूनही सायकल पुढे सरकेना. घरी आलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि घरची मंडळी दारात उभी होती. माझा दम कमी पडला की सायकल जड आहे? यंदा पुन्हा जायचे आहे, पण उजेडात परत यायचे आहे.
— एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दम कमी पडला नाही आणि सायकलही दोषी नाही. आपण निवडलेला महिना, वेळ आणि दिशा ही तिन्ही वाऱ्याच्या सोयीची होती, आपल्या सोयीची नव्हती.

रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेला हवेचा थरही गार आणि जड होऊन खाली बसतो, आणि वरच्या थरांतील वेगवान वाऱ्याशी त्याचा संबंध जवळजवळ तुटतो. म्हणून पहाटे माळावर पानही हलत नाही. नऊ-दहा वाजेपर्यंत जमीन तापली की हवा खालीवर घुसळू लागते आणि वरचा वारा जमिनीपर्यंत उतरतो. दुपारी दोन ते पाच या वेळात त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सूर्यास्तानंतर तो पुन्हा पडतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे दुपारचा हा वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. आपण सकाळी पूर्वेकडे गेलात तेव्हा हवा पडलेली होती, त्यामुळे पाठीला वाऱ्याची काहीच मदत मिळाली नाही. दुपारी पश्चिमेकडे तोंड करून निघालात तेव्हा तोच वारा भर जोरात समोर होता. जाताना मिळालेली २० ची सरासरी खरी असली तरी तिच्यावरून परतीचा अंदाज बांधणे चुकीचे होते.

समोरचा वारा इतका महाग का पडतो, याचे गणित आपण विद्यार्थ्यांनाही सांगू शकाल. हवेचा विरोध अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. निश्चल हवेत ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याच्या अंगावर हवा ताशी २० नेच येते. समोरून ताशी २० चा वारा असताना तोच वेग राखायचा म्हटले तर ती ४० ने येते आणि विरोध दुप्पट न होता चौपट होतो. सरळ बसून, सामानासह, १०० वॅटच्या शांत जोराने सायकल चालवणारा माणूस ढोबळ हिशेबाने निश्चल हवेत ताशी २४ किलोमीटरने जातो. त्याच जोराने २० च्या समोरच्या वाऱ्यात तो १४ वर येतो आणि पाठीवरच्या तेवढ्याच वाऱ्यात ३६ पर्यंत जातो. आता ६० किलोमीटर समोरच्या वाऱ्यात आणि ६० पाठीवरच्या वाऱ्यात, असा दिवस धरा. पहिल्या टप्प्याला सव्वाचार तास लागतील, दुसऱ्याला एक तास चाळीस मिनिटे, म्हणजे एकूण जवळपास सहा तास. निश्चल हवेत हेच अंतर पाच तासांत झाले असते. याचा अर्थ, वारा जाता-येता सारखाच मिळाला तरीही एक तासाचा तोटा होतोच, कारण ज्या टप्प्यात वेग कमी असतो त्याच टप्प्यात आपला अधिक वेळ जातो. आपल्याला तर तो फक्त येताना मिळाला.

त्यामुळे मोबाइलवर दिसणारी सरासरी हा उघड्या माळावर सर्वांत फसवा आकडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिकाणाऐवजी परतीची वेळ आधी ठरवावी आणि परतीला जाण्याच्या पावणेदोन पट वेळ लागेल असे गृहीत धरावे. फेब्रुवारीच्या अखेरीस सहाला निघून साडेसहाच्या सुमारास, उजेड असेपर्यंत, घरी यायचे तर हाताशी साडेबारा तास असतात. त्यांतून खाणे, पाणी, विश्रांती आणि एखादे पंक्चर यांसाठी दोन तास वजा केले तर साडेदहा उरतात, आणि या प्रमाणात वाटणी केली तर पावणेदहाला आपण जिथे असाल तिथून मागे वळणे भाग आहे. आपल्या सकाळच्या वेगाने ते ठिकाण पाऊणशे किलोमीटरवर, म्हणजे कवठेमहांकाळच्या अलीकडेच येते. शेवटचे पंधरा किलोमीटर सोडून देताना मनाला लागेल, परंतु उजेडात परतण्याची अट आपणच घातली आहे.

त्याहून चांगला उपाय महिना बदलण्याचा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून आणि मंद असतो. मिरजेपलीकडचा माळ तेव्हा करावा, म्हणजे परतताना असलानसला वारा पाठीवर येतो. मात्र डिसेंबरात उजेड अकरा तासांच्या आसपासच मिळतो आणि सूर्योदयाला सात वाजतात, हे विसरू नये. मार्चनंतर जायचेच असेल तर उलटी दिशा धरून कळे, साळवण या वाटेने गगनबावड्याकडे जावे. ते सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर सकाळच्या शांत हवेत होते आणि दुपारचा वारा घरी आणून सोडतो. अर्थात तो मुलूख झाडीचा आणि चढउताराचा आहे, माळाचा मोकळेपणा त्याला नाही. उन्हाळ्यात माळच हवा असेल तर आदल्या संध्याकाळी कवठेमहांकाळला मुक्काम करून पहाटे साडेपाचला पश्चिमेकडे निघावे. आठ-साडेआठला मिरज मागे पडते आणि वारा उठेपर्यंत उदगाव-अंकलीचा पूल ओलांडून आपण उसाच्या आडोशाला आलेले असता. पावसाळ्यातील नैऋत्येचा वारा मात्र दिवसरात्र असतो, सकाळची सवलत त्यात फारशी मिळत नाही. त्या दिवसांत पूर्वेकडे एकमार्गी जाऊन मिरजेहून रेल्वेने परतणे शहाणपणाचे. सायकल ब्रेकव्हॅनमधून नेता येईल का आणि कोणत्या गाडीने, याची चौकशी पार्सल कार्यालयात आधी करून ठेवावी.

वाटेवर वारा किती आहे हे कळण्यासाठी यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी मांडली, तिच्या जमिनीवरच्या खुणा आपल्या माळालाही लागू पडतात. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर असतो. लहान झाडे शेंड्यापासून डोलू लागली की २९ ते ३८, आणि विजेच्या तारा शीळ घालू लागल्या, छत्री धरवेना, की ३९ ते ४९. पहिल्या अवस्थेत चालत राहावे, दुसरीत उरलेले अंतर कमी करण्याचा विचार करावा आणि तिसरीत पुढच्या गावात उतरून चहा घ्यावा. ढालगाव आणि जत भागात तर पवनचक्क्या आहेतच. त्यांचे तोंड नेहमी वाऱ्याकडे वळवलेले असते, म्हणून आपण जिच्या दिशेने निघालो आहोत तिची पाती तोंडासमोर दिसत असतील तर वारा आपल्या पाठीवर आहे, आणि पात्यांमागचा डबा आधी दिसत असेल तर पुढचा तास कष्टाचा आहे. त्यांची पाती जमिनीपासून बरीच उंच असल्याने तिथला वारा रस्त्यावरच्यापेक्षा जोराचा असतो, तेव्हा ती गरगर फिरताना पाहून घाबरून जाऊ नये.

राहिला चालवण्याचा भाग. समोरच्या वाऱ्यात एक-दोन गियर हलके करावेत, पाय नेहमीच्याच लयीत फिरू द्यावेत आणि वेग पडेल तितका पडू द्यावा. हवेच्या विरोधातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून कोपरे वाकवून छाती चार बोटे खाली आणली, फडफडणारे जाकीट काढून ठेवले आणि पाठीवरची सॅक उतरवून सामान कॅरिअरला दोन्ही बाजूंस खाली बांधले, तर पैसा न खर्चता पुष्कळ सुटका होते. पाणी आणि खाणे किलोमीटरवर मोजू नये, घड्याळावर मोजावे. सकाळी २० किलोमीटरला एकदा थांबणारा माणूस दुपारी त्याच हिशेबाने गेला तर दीड तास उपाशी राहतो. शिवाय वाऱ्यात घाम अंगावर टिकत नाही. शर्ट कोरडा राहिल्यामुळे आपण घामाघूम झालो आहोत हेच कळत नाही, आणि संध्याकाळी कपाळावर हात फिरवला की मिठाची खर हाताला लागते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे. दोन बाटल्यांपैकी एक तशी भरून ठेवावी. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ आणि धपाटे हे तोंडात टाकायला उत्तम. निघताना तर्रीदार मिसळ हाणून जाण्याची हौस आपल्या गावाला आहे. ती परतल्यावर पुरवावी.

प्रश्न : मी इचलकरंजीची, वय ३४. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर असा दिवसभराचा फेरफटका एकटीने करावा असे बरेच दिवस मनात आहे. सासूबाईंचा सायकलला विरोध नाही, एकटीने जाण्याला आहे. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्यांना निघण्यापूर्वी कागदावर लिहिलेले वेळापत्रक द्यावे, एवढे माझे सुचवणे आहे. घरच्यांची काळजी बहुधा रस्त्याबद्दल असते त्यापेक्षा निरोप न येण्याबद्दल अधिक असते. कोणत्या गावी किती वाजता असाल, तिथून फोन कराल, आणि ठरल्या वेळेनंतर किती वेळ वाट पाहून त्यांनी कोणाला कळवायचे, हे तिन्ही त्या कागदावर असावे. वेळा वाऱ्याचा हिशेब धरून सैल लिहाव्यात. घाईघाईने ठरवलेली वेळ चुकली की विनाकारण घरात धावपळ होते आणि पुढच्या वेळचा रस्ता बंद होतो. फोनची बॅटरी नकाशासाठी खर्च न करता निरोपांसाठी राखावी आणि आपत्कालीन ११२ हा क्रमांक घरातल्या सर्वांना माहीत असावा.

आपण निवडलेला मार्ग एकटीसाठी चांगला आहे, कारण कृष्णा आणि पंचगंगेच्या काठचा हा पट्टा दाट वस्तीचा असून दर चार-पाच किलोमीटरवर गाव लागते. नृसिंहवाडीला संगमावर आणि खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात दिवसभर माणसांचा राबता असतो. थांबायचे ते अशा जागी थांबावे. स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप किंवा एसटी स्थानक आधीच हेरून ठेवावे. त्या भीतीने पाणी कमी पिण्याची सवय अनेकजणींना असते, आणि वाऱ्याच्या दिवशी ती फार त्रासदायक ठरते. खिद्रापुराहून परतीचा रस्ता पश्चिमेकडचा आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नातील हिशेब आपणासही लागू आहे. देऊळ निवांत पाहायचे असेल तर आधी खिद्रापूर गाठावे आणि वाडी परतीच्या वाटेवर ठेवावी.

प्रश्न : गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांशेजारून जाताना सायकल एकदम ओढल्यासारखी होते आणि नंतर ढकलल्यासारखी. हा भास आहे की खरेच तसे होते?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : खरेच तसे होते, आणि आडवा वारा असताना त्यात धोका आहे. उजवीकडून वारा येत असतो, त्याला तोल देण्यासाठी आपण नकळत उजवीकडे कललेलो असतो. उसाने लादलेली उंच ट्रॉली उजवीकडून पुढे गेली की ती वारा अडवते आणि आपण कललेल्या बाजूला, म्हणजे तिच्याकडेच, झुकतो. ती निघून गेली की अडलेला वारा एकदम आदळून डावीकडे लोटतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मधल्या फटीतून आणखी एक हबका बसतो. मागून आवाज आला की पायडल मारणे चालू ठेवावे, हँडल घट्ट आवळू नये आणि डांबराच्या कडेपासून हातभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे डावीकडे लोटले गेल्यावर चाक साइडपट्टीच्या खाचेत उतरणार नाही.

उभ्या आणि तोडलेल्या उसाचाही असाच खेळ चालतो. दोन्ही बाजूंना ऊस उभा असला की रस्ता शांत असतो आणि तोड झालेले एखादे रान आले की तेवढ्या पट्ट्यात वारा आडवा घुसतो. उसाची भिंत जिथे संपते आहे तिथे दहा-वीस हात आधीच सावध व्हावे. संध्याकाळी पश्चिमेकडे जात असाल तर मावळता सूर्य आपल्याप्रमाणेच मागच्या चालकाच्याही डोळ्यांत असतो आणि त्याला सायकल दिसत नाही. म्हणून मागचा लाल दिवा चार वाजल्यापासूनच लावून ठेवावा. ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही, तेव्हा अंधारात त्या रस्त्यावर जाऊच नये, हे सांगायला हवे.

प्रश्न : वाऱ्यात वेग मिळावा म्हणून उंच कडांची कार्बनची चाके घ्यावीत का? किंमत सायकलपेक्षा जास्त सांगतात.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नयेत. समोरच्या वाऱ्यात त्यांचा थोडा फायदा होतो हे खरे, परंतु आपल्याकडे वारा क्वचितच सरळ नाकासमोर येतो, आणि आडव्या वाऱ्याच्या झोतात उंच कडेचे पुढचे चाक हँडल हातातून फिरवू पाहते. त्या पैशांत मागची जास्त दात्यांची चकती, चांगले टायर आणि दोन दिवे घ्या. उरलेल्या रकमेत वर्षभर फिरता येईल.

प्रश्न : कवठेमहांकाळ, जत बाजूला बाभळीच्या काट्यांनी हैराण होतो. एका दिवसात एकाच चाकात पुनःपुन्हा पंक्चर होते. ट्यूब बदलूनही का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : काटा टायरमध्येच मोडून राहिल्यामुळे. बाभळीच्या काट्याचे टोक रबरात इतके आत शिरते की बाहेरून काहीच दिसत नाही आणि नवी ट्यूब फुगवली की तेच टोक तिला टोचते. बोटाने चाचपडू नये, बोटात शिरते. सुती रुमाल किंवा पायमोजा टायरच्या आतून दोन्ही दिशांनी फिरवावा, धागा जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो बाहेरून उपसता आला नाही तर आतल्या बाजूने टायर लिव्हरच्या टोकाने रेटून बाहेर काढावा. पंक्चर काढायला रस्त्याच्या कडेला उघड्यावर बसू नये, मोरीच्या कठड्याआड किंवा झाडाच्या बुंध्याशी जावे. वाऱ्यात सोल्यूशनवर क्षणात धूळ बसते आणि पॅच धरत नाही. थांबताना सायकल झाडाखाली आडवी टाकण्यापूर्वी ते झाड कसले आहे हेही पाहावे. अर्धी पंक्चरे चालताना नाही, सावलीत विसावताना होतात.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. माळावर एकटे असताना तो गाठला तर काय करावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : वळवाची चाहूल वारा देतो. दुपारभर वाहणारा वारा अचानक पडतो, उकाडा असह्य होतो, आणि काळ्या ढगाच्या दिशेकडून एकदम थंडगार झोत येतो. ढगातून खाली कोसळणारी ती गार हवा जमिनीवर पसरत पुढे येत असते आणि पाऊस तिच्या मागोमाग असतो. तो थंड झोत अंगाला लागला की पुढचे गाव गाठण्याचा मोह धरू नये. पहिल्या काही मिनिटांत वारा कोणत्याही दिशेने फिरतो, धुळीने डोळे भरतात आणि झाडांच्या फांद्या मोडून रस्त्यावर येतात. पक्के घर, शाळा, देवळाचा मंडप, एसटीचा पिकअप शेड यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. एकटे झाड, पत्र्याची सुटी शेड आणि जाहिरातीचा फलक यांच्या आसऱ्याला जाऊ नये. उघड्यावरच सापडलात आणि विजा चमकत असतील तर सायकल आडवी ठेवून तिच्यापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे झोपू नये. ओढ्याच्या पात्रात मात्र उतरू नये, कारण वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे पाणी कोरड्या ओढ्यातून पाहता पाहता येते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबून मग निघावे. वळवानंतर वारा बहुधा पडलेला असतो, पण डांबरावर चिखल आलेला असतो आणि ब्रेक ओले असतात. पहिल्या उतारावर ते दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करून घ्यावेत.